तुम्ही विचारलंत म्हणून: एमसीबी आहे, मग कूलरची भीती कशाला?

मार्चमध्ये नागपुरात कूलर बाहेर निघाले की हा प्रश्न येतोच: घरात एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडून लाईन तोडणारा स्विच) आहे, तरी कूलरचा करंट लागून माणूस दगावतो कसा?

एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त करंट गेल्याशिवाय पडत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाच्या अंगातून पाव अँपिअर गेला तरी हृदय बंद पडू शकतं, आणि एमसीबी जागचा हलत नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा स्विच, लागतो. फेजमधून (करंट आणणाऱ्या तारेतून) गेलेला करंट न्यूट्रलने (परतीच्या तारेने) पूर्ण परतला नाही की तो सेकंदाच्या आत लाईन तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटन महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर बदला.

तरीही अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी, हवंच. ते नीट असेल तर कूलरच्या पत्र्यात करंट उतरताक्षणी आरसीसीबी पडतो, कोणी हात लावण्याची वाट पाहत नाही. पण बऱ्याच कूलरला दोन पिनांचा प्लग असतो, नाहीतर तिसऱ्या पिनेची (अर्थिंगची) वायर आत कुठे जोडलेलीच नसते. काही जण ती न्यूट्रलला जोडून देतात. हे सगळ्यात वाईट: न्यूट्रल तुटला की अख्खा पत्रा जिवंत होतो, आणि लोखंडी स्टँड खिडकीच्या ग्रीलला टेकला असेल तर ग्रीलही. शिवाय आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी टाका.

बिघाड बहुधा पंपापासून सुरू होतो. टाकी कोरडी पडून पंप तसाच चालला की वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) जळतं, करंट पाण्यात उतरतो. पंपाची वायर पत्र्याच्या धारेवर घासते, तिथे रबरी बुश बसवा. पाण्यात बुडणाऱ्या वायरला जोड नकोच, टेप कितीही गुंडाळली तरी.

पाणी भरताना नुसतं बटन बंद करून भागत नाही. बटन चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर बंद असतानाही कूलरमध्ये फेज असतो. प्लग उपसा, मगच पाइप टाकीत सोडा. रबरी चप्पल घाला, पण तिच्या भरवशावर राहू नका.

कोणी चिकटलंच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा, मग १०८ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोर लावून, मदत येईपर्यंत दाबत राहा.