बोअरचे पाणी आणि मांजरसुंब्याचा घाट

मे महिन्यात बीडहून धाराशिवला जाताना पाली मागे पडून मांजरसुंब्याचा घाट लागला, की आमच्या गाडीचा तापमानाचा काटा वर सरकू लागे आणि घाटमाथा येईपर्यंत लाल खुणेशी जाऊन भिडे. आदल्या वर्षी याच तक्रारीवर एका मिस्त्रीने थर्मोस्टॅटच, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची झडपच, काढून टाकला होता. ‘आपल्याकडच्या उन्हात त्याचे काय काम?’ हे त्याचे बोलणे तेव्हा मलाही पटले होते. वास्तविक थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो आणि तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ न देता इंजिन लवकर तापू देतो. तो काढल्यावर हिवाळ्यात इंजिन थंडच राहू लागले, पेट्रोल जास्त लागू लागले आणि घाटातला काटा मात्र जिथल्या तिथे राहिला.

या वेळी सुटे भाग बदलण्याआधी गाडी नेमकी केव्हा तापते, हे पाहायचे ठरवले. बीडच्या बाजारात गर्दीत अर्धा तास उभी राहूनही ती तापत नव्हती आणि पंखा वेळेवर सुरू होत होता. म्हणजे पंखा, त्याचा रिले आणि सेन्सर यांच्यावर संशय घेण्याचे कारण नव्हते. चढावर भार आला, की मात्र तापायची. नुसत्या चालू इंजिनाची थोडी उष्णता अर्धामुर्धा रेडिएटरही बाहेर टाकू शकतो, चढावरची टाकू शकत नाही. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधली सीलबंद पट्टी, फाटल्याची धास्ती होतीच. पण ऑइल दुधाळ झालेले नव्हते, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता आणि थंड इंजिन रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडेही येत नव्हते.

शेवटी तापलेल्या गाडीच्या रेडिएटरची जाळी इन्फ्रारेड थर्मामीटरने वितावितावर मोजली. कडेच्या पट्ट्यात चांगली उष्णता होती आणि मधला मोठा भाग जवळजवळ थंड होता. तिथल्या नळ्यांतून पाणी फिरतच नव्हते.

दोष माझाच होता. पातळी कमी दिसली, की मी शेतातल्या बोअरचे पाणी ओतत आलो होतो. काळ्या पाषाणातून येणाऱ्या या जड पाण्यातील क्षार तापल्यावर खाली बसतात. पाणी तापवायच्या पातेल्याला आणि गीझरच्या कॉइलला चढणारा पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही चढतो, फक्त तो आपल्याला दिसत नाही. ॲसिडने धुण्याचा सल्ला मिळाला, पण ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या त्याने खाल्ल्या जातात, म्हणून नवा रेडिएटर बसवला. सोबत नवा थर्मोस्टॅट आणि नवे झाकणही घेतले, कारण झाकणाची स्प्रिंग सैल पडली, की यंत्रणेतला दाब टिकत नाही. सुमारे १ बार जादा दाबाखाली १२० अंशांपर्यंत न उकळणारे पाणी मग शंभराच्या आसपासच उकळू लागते.

कूलंट आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरले. हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवून, झाकण न लावता, थंड इंजिन सुरू केले आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडे थोडे मिश्रण घालत राहिलो, कारण आत अडकलेली हवा नव्या रेडिएटरलाही निकामी ठरवते. पाणी तापून वर येऊ लागण्याआधी झाकण लावले आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद पडेपर्यंत थांबलो. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना पातळी बोटभर उतरलेली दिसली, ती भरून काढली. पुढच्या रविवारी भर दुपारी एसी चालू ठेवून घाट चढलो, तेव्हा काटा मध्यापासून हलला नाही. डिकीतला बोअरच्या पाण्याचा कॅन आता फक्त काच पुसायला आहे.