जरा जास्तच पाणी

आठवीतला श्रावण. गंगेला पूर आलेला. (नाशिककर तिला गोदावरी म्हणतो ते फक्त भूगोलाच्या पेपरात.) पंचवटीतून येणारे आम्ही तिघे पूर बघत रेंगाळलो आणि पहिल्या तासाला उशिरा पोचलो. इंग्रजीचे सर दारातच उभे. छडीऐवजी प्रश्न आला, "पाणी कुठवर?"

"दुतोंड्या मारुतीच्या कमरेला, सर."

सरांनी आम्हाला तसंच ओलंगच्च फळ्यापाशी उभं केलं आणि दोन वाक्यं लिहिली : 'द रिव्हर इज फेअरली हाय' आणि 'द रिव्हर इज रादर हाय'. पाणी तेवढंच, मारुतीची कंबरही तीच. मग फरक काय? आम्ही गप्प.

"खाली जायकवाडी भरायची वाट बघणारा शेतकरी पहिलं वाक्य बोलेल," सर म्हणाले, "आणि सराफ बाजारातला दुकानदार दुसरं. त्याच्या पोटात गोळा आलाय."

मराठीत सांगायचं तर फेअरली म्हणजे 'बऱ्यापैकी' आणि रादर म्हणजे 'जरा' अधिक 'च'. मिसळ बऱ्यापैकी तिखट असली तर आपण आणखी पाव मागवतो. 'जरा तिखटच आहे' म्हणणाऱ्याचा हात पाण्याच्या ग्लासाकडे गेलेला असतो. सगळी गंमत त्या 'च'मध्ये. शिवाय 'टू हॉट' किंवा 'कोल्डर' यांच्याआधी रादर चालतं, फेअरली नाही. हे परीक्षेपुरतं पाठ केलं.

उपयोग झाला तो पुढे, द्राक्ष निर्यातीत. युरोपातल्या ग्राहकाची मेल आली : मणी 'रादर स्मॉल' आहेत. ऑफिसातला पोरगा म्हणाला, "थोडेसे लहान म्हणतोय, चालून जाईल." म्हटलं, "थोडेसे नाही रे, जरा लहानच म्हणतोय. तक्रार आहे ही." तासाभरात फोन आलाच.

पण सरांशी माझं एक भांडण झालं होतं. सहामाहीत माझ्या निबंधाखाली त्यांनी शेरा मारला, 'रादर गुड'. चांगल्याला फेअरली, वाइटाला रादर, असं यांनीच शिकवलं आणि आता हे! वही घेऊन तडक स्टाफरूममध्ये गेलो.

सर हसले. "फेअरली गुड म्हणजे ठीकठाक. चांगल्या शब्दाला रादर लागलं, की वाटलं होतं त्याहून चांगलं." मग चष्मा पुसत म्हणाले, "तुझ्याकडून एवढी अपेक्षा नव्हती रे मला."