फुटपाथपासून बसच्या दारापर्यंत

दोन किलोमीटरच्या एका रस्त्याच्या फेररचनेचं काम आमच्या ऑफिसकडे आलं, तेव्हा बसथांबे माझ्या वाट्याला आले. फुटपाथ, त्याला लागून कठड्याने वेगळा केलेला सायकल ट्रॅक, मग गाड्यांचा रस्ता आणि दोन्ही बाजू मिळून दहा थांबे. पहिल्या आठवड्यातच अडचण समोर आली. बसला डाव्या कडेला यायचं असतं आणि सायकल ट्रॅकही डाव्याच कडेला असतो. थांब्यापाशी ट्रॅक तोडून बसला आत घेतलं, तर कठडा नेमका तिथे संपतो जिथे सायकलवाल्याशेजारी बारा-पंधरा टनांची गाडी येऊन उभी राहते.

यावरचा माहितीतला उपाय म्हणजे ट्रॅक थांब्याच्या मागून न्यायचा. थांबा मग ट्रॅक आणि रस्ता यांच्यामधलं एक बेट होतो. नेदरलँड्समध्ये हे वर्षानुवर्षं चालत आलंय. लंडनमध्ये २०१३ साली बो ते स्ट्रॅटफर्ड या मार्गावर असे थांबे झाले. कोपनहेगनच्या काही रस्त्यांवर बेटाइतकीही जागा नाही. तिथे प्रवासी बसमधून थेट सायकल ट्रॅकवर उतरतात आणि सायकलवाल्याला थांबावं लागतं. बेटामुळे सायकलवाला सुरक्षित होतो हे खरं, पण प्रवाशाला बस गाठण्याआधी आणखी एक वाहतूक ओलांडावी लागते. लंडनमध्ये अंधांच्या संघटनांनी बेटांना विरोध केला तो याच कारणाने. तो विरोध मी वाचला होता, पण त्याचं वजन मला कळलेलं नव्हतं.

माझ्या पहिल्या नकाशात बेट दोन मीटर रुंद होतं, ट्रॅक रस्त्याच्या लेव्हलला होता आणि ओलांडायला दोन्हीकडे उतार दिले होते. फुटपाथची उंची १५० मिलिमीटर. एकास बाराचा उतार, म्हणजे चढाच्या बारापट लांबी, धरला की लांबी येते १.८ मीटर. म्हणजे बेटाची जवळजवळ सगळी रुंदी उतारातच गेली. व्हीलचेअर वळवायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं, आणि सपाट जागा उरली होती वीतभर. प्रत्येक आकडा नियमाप्रमाणे बरोबर होता, पण एकत्र केल्यावर तिथे कुणी उभंच राहू शकत नव्हतं. ही चूक माझी होती, आणि ती कागदावर माझ्या लक्षातही आली नाही. ती लक्षात आली मैदानावर.

मैदानाची कल्पना आमच्या साइट सुपरवायझरची. एका रविवारी शाळेच्या मैदानावर आम्ही फक्कीने पूर्ण मापाचा थांबा आखला. कर्बच्या, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या, जागी वाळूची पोती, उतारांना विटांवर प्लाय, शेडच्या खांबांसाठी बांबू, बसच्या दारासाठी दोन खुर्च्या आणि दोरी. एक अंध शिक्षिका आल्या होत्या, सगळे त्यांना बाईच म्हणत होते. व्हीलचेअर वापरणारे एक काका होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या आणि रोज सायकलने कामावर जाणारे चार-पाच जण.

काकांनी खुर्ची प्लायवरून खाली घेतली, ट्रॅक ओलांडून पलीकडच्या प्लायवर चढवली आणि अर्ध्यातच हाताने चाकं धरून थांबले. पुढे सपाटी नव्हती. मागे सोडलं तर खुर्ची ट्रॅकवर जाणार. दोघांनी मिळून त्यांना वर ओढलं. काका एवढंच म्हणाले, "ताई, इथे बस येईपर्यंत मी चाकं धरूनच बसू का?"

बाई तर पूर्ण थांबा ओलांडून पुढे निघून गेल्या. अंधांना वाट दाखवणाऱ्या, उठावाच्या पट्ट्यांच्या फरशीची सरळ रेघ त्यांनी काठीने पकडली होती. थांब्याकडे वळायची खूण मी दिलीच नव्हती. "थांबा कुठाय?" त्यांनी विचारलं तेव्हा त्या तो मागे टाकून दहा-बारा पावलं पुढे होत्या.

पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्यांना ट्रॅकच्या कडेपर्यंत नेलं. एक मुलगा सायकलवर येत होता. बाईंना बघून त्याने ब्रेक लावला, पाय टेकला आणि हाताने 'या' अशी खूण केली. बाई उभ्याच. मुलगाही उभा. तीन-चार सेकंद गेले. यांना यायचं नसेल असं समजून त्याने पेडल मारलं, आणि त्याच क्षणी बाईंनी पाऊल उचललं. त्याचं हँडल काठीला लागून काठी हातातून उडाली. कुणाला काही लागलं नाही. मुलगा मात्र पांढराफटक पडला होता.

बाई शांतपणे म्हणाल्या, "तो थांबला हे मला कळायचं कसं? सायकल थांबली की तिचा आवाजच संपतो. थांबलेली सायकल आणि निघून गेलेली सायकल मला सारखीच."

त्या वाक्यानंतर मी नकाशा नव्याने काढायला घेतला. आम्ही डोळे असलेली माणसं रस्त्यावर नजरानजर करून निभावतो आणि डिझाइनही तेच धरून करतो. इथे नजरानजर नाही. ओलांडणाऱ्याला अंदाज बांधायला लागू नये, हे काम रचनेने करायला हवं.

ओलांडायच्या जागी ट्रॅकच उचलून फुटपाथच्या लेव्हलला आणला. आता चढ चढायचा तो सायकलवाल्याने. उतार गेले, बेट मोकळं झालं आणि रुंदी अडीच मीटर केली. दोन मीटरचा ट्रॅक थांब्यामागे दीडच मीटर ठेवला, त्यामुळे तिथे ओव्हरटेक होत नाही. पण लेव्हल एक झाली की फुटपाथ कुठे संपला हे काठीला समजत नाही. म्हणून समपातळी फक्त ओलांडायच्या झेब्रा पट्ट्याच्या जागी, बाकी सगळीकडे ६० मिलिमीटरची कड. या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, इथे सावध व्हा असं काठीला सांगणारी उठावाच्या ठिपक्यांची फरशी. (या स्पर्शफरशीची सुरुवात जपानमधल्या ओकायामाची, १९६७ ची. सेइइची मियाके यांची कल्पना. आपल्याकडे ती जागोजागी लावलेली दिसते, पण चेंबरच्या झाकणापाशी तुटलेली किंवा झाडावर नेऊन सोडलेली.) बाईंच्या सांगण्यावरून पट्ट्यांच्या फरशीच्या रेघेला थांब्याकडे काटकोनात फाटा दिला, तो बसच्या पुढच्या दारासमोर जातो.

आवाजासाठी पट्ट्याच्या आधी ट्रॅकवर खडबडीत दगडाच्या तीन ओळी टाकल्या. सायकल त्यावरून गेली की खडखडते. सायकल येतेय हे आता बाईंना कळतं, आणि खडखडाट मंद होत गेला तर वेग कमी होतोय हेही. थांबलेली सायकल अजून मुकीच आहे. म्हणून झेब्रावर पहिला हक्क चालणाऱ्याचा, असा फलक लावलाय आणि सायकल गटातल्या लोकांनी 'थांबलोय' असं तोंडाने म्हणायची सवय आपसात लावून घेतली आहे. मला हे पुरेसं वाटत नाही, पण नुसत्या हाताच्या खुणेपेक्षा पुष्कळ बरं आहे.

सायकल ट्रॅकमध्ये शिरणाऱ्या दुचाक्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. अडवणाऱ्या खांबांमध्ये स्कूटर अडेल इतकी फट ठेवली तर व्हीलचेअर अडते, खुर्ची जाईल इतकी ठेवली तर स्कूटर आरामात जाते. सुरुवातीला झेब्राच्या तोंडाशीच खांब दाखवले होते. काका म्हणाले, "तुम्ही गाड्या अडवताय म्हणता, अडतोय मी." ते खांब काढले. आता खांब फक्त ट्रॅकच्या प्रवेशाला आहेत, आणि संध्याकाळच्या गर्दीत स्कूटर अजूनही शिरतात. तिथे माणूस उभा करण्याशिवाय दुसरा उपाय मला दिसत नाही.

एक गोष्ट न मागता मिळाली. बेटामुळे बसला आत वळावं लागत नाही, ती आपल्या लेनमध्येच सरळ थांबते. एका ड्रायव्हरकाकांनी सांगितलं, "मॅडम, आत घालायची नसेल तर आम्ही चिकटवतोच की. आत रिक्षा उभ्या असतात म्हणून लांब थांबावं लागतं." खालच्या तळाच्या बसचा तळ ४०० मिलिमीटरवर असतो आणि बेट १५० वर. बस खेटून उभी राहिली तर तिचा रॅम्प बेटावर टेकतो, फूटभर लांब राहिली तर रॅम्पची टोकं रस्त्यावर उतरतात आणि चढ उभा होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४१ व्या कलमात बसथांब्यांचा उल्लेख आहे. साइटवर ते कलम त्या फूटभर अंतरात पाळलं जातं किंवा मोडलं जातं.

दहापैकी दोन ठिकाणी बेटासाठी फुटपाथ १.८ मीटरच्या आत आणावा लागणार होता. मी त्याला नकार दिला. ते थांबे पुढे सरकवले, जिथे जागा होती. त्यावर बैठकीत बराच वेळ गेला, तरी मला तो निर्णय योग्यच वाटतो.

पहिल्या मोठ्या पावसात उचललेल्या पट्ट्याने बांध घातल्यासारखं पाणी अडवलं. थांब्यामागे घोटाभर तळं झालं आणि ठिपके गढूळ पाण्याखाली गेले. निचऱ्याची वाट मी फक्त एका बाजूने दिली होती. दुसऱ्या बाजूने चर काढून त्यावर जाळी बसवली, तर तिच्या फटी ट्रॅकच्या दिशेने आल्या, म्हणजे सायकलचं चाक अडकणार. जाळी फिरवली तर काठीचं टोक आणि खुर्चीची पुढची छोटी चाकं अडकणार. शेवटी १२ मिलिमीटरच्या आतल्या फटींची जाळी करून घेतली आणि झेब्राच्या रुंदीत जाळीच ठेवली नाही, तिथे पाणी खालून पाइपने जातं.

आता पुढच्या रस्त्याचं मोजमाप सुरू आहे. या वेळी पहिली रेघ काढायच्या आधीच बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, मैदानावरची चाचणी पावसाळ्यात घेता येईल का, ओल्या फरशीवर काठी कशी सरकते ते त्यांना बघायचंय. जुलैतला दुसरा रविवार ठरलाय. फक्की पावसात टिकणार नाही, म्हणून दोऱ्या आणि खुंट्या आणायला सांगितल्यात.