मायक्रोस्कोप वही, महिना चौथा: फसलेला फुगा, हायड्रिलाची रहदारी आणि पॅरामिशियमचा उपसा

मंडळी, आधी चूक कबूल करतो आणि मग पुढं जातो. मागच्या नोंदीत मी ठासून लिहिलं होतं की यीस्टला साखरेपेक्षा गूळ जास्त मानवतो, यीस्टच्या गॅसनं गुळाच्या बाटलीवरचा फुगा टम्म आणि साखरेचा मान टाकून. ते सगळं खोटं. गूळ विरघळावा म्हणून मी पाणी गरम केलं होतं आणि साखर मात्र माठातल्या पाण्यात ढवळली होती, म्हणजे शर्यत गूळ-साखरेची नव्हतीच, कोमट आणि गार पाण्याची होती. या रविवारी दोन्ही बाटल्या एकाच पातेल्यात कोमट पाण्यात उभ्या केल्या, दहा-दहा ग्रॅम गोड, अर्धा-अर्धा चमचा यीस्ट, आणि ४० मिनिटांनी दोऱ्यानं फुग्यांचा घेर मोजला तर गूळ २४ सेंटिमीटर, साखर २३. एवढ्यावर गुळाची जाहिरात करायला नको. तसंही यीस्ट बाहेरच इन्व्हर्टेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडून साखर फोडतं आणि मग ग्लुकोज-फ्रुक्टोज आत ओढतं, गुळात पण मुख्य माल तोच.

मला वाटायचं की बाटलीचं तोंड बंद केलं, हवा संपली, म्हणून यीस्ट आंबवायला लागलं. तर तसं पण नाही. गोड भरपूर असेल तर हे बेकरीचं यीस्ट ऑक्सिजन असताना सुद्धा आंबवतंच. एका ग्लुकोजवर आंबवण्यात निव्वळ २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) सुटतात, तेच तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, पूर्ण जाळलं तर त्याच्या कितीतरी पट, मग एवढा तोटा कशाला खायचा? मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, मला यात काही नवल वाटलं नाही, माल ढिगानं आला की थोड्या नफ्यावर पटापट काढायचा, उलाढाल मोठी पाहिजे, बास.

यीस्ट मेलंय का जिवंत हे बघायला मेथिलीन ब्लू वापरतोय. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचं औषध म्हणून मिळतं, फार पातळ करून घ्यायचं. मेलेली पेशी निळीच राहते, जिवंत पेशी आत आलेल्या रंगाचा निळेपणाच घालवते, कारण तिची रासायनिक भट्टी चालू असते. नवीन पाकिटातल्या २०० पेशी मोजल्या, १७ निळ्या. कपाटात उघडं पडलेलं जुनं पाकीट, १३१ निळ्या. मग चहा प्यायला गेलो, वीस मिनिटांनी येऊन नव्या पाकिटाची तीच स्लाईड परत मोजली तर निळ्या दुपटीपेक्षा जास्त! क्षणभर वाटलं मोठा शोध लागला, पण रंग स्वतःच विषारी आहे, यीस्ट माझ्यामुळंच मेलं. तेव्हा रंग घातल्यापासून पाच मिनिटांत मोजून मोकळं व्हायचं.

हळदीचं थोडक्यात सांगतो. दुकानातलं हळकुंड खरवडून बेटाडीनचा थेंब टाकला (त्यातलं आयोडीन स्टार्चला निळं-काळं करतं), सगळा निळा-काळा लगदा, एक दाणा ओळखू येईना. दोन दिवस लेन्स पुसत बसलो. मग ट्यूब पेटली, अहो बाजारातली हळद शिजवून वाळवलेली असते, स्टार्च आधीच फुगून फुटलेला! परड्यातली ओली हळद कापली आणि पेशीत चपटे चपटे दाणे खच्चून भरलेले दिसले, हरिपूरच्या पेवात हळद भरायचे तसे. पेशीचं पेवच ते, लागेल तेव्हा उपसायचं.

आता हायड्रिला ही पाणवनस्पती, यासाठी चार रविवार गेले. पान फक्त दोन पेशी जाड असतं त्यामुळं कापायची भानगड नाही, आख्खं पान पाण्याच्या थेंबात ठेवून कव्हरस्लिप टाकायची. पहिल्या तीन वेळा हरितलवकं (पेशीतले हिरवे दाणे) भिंतीला चिकटून गप्प, बागेतल्या बाकावर बसलेल्या पेन्शनरांसारखी. चौथ्या वेळेला टेबललॅम्प जवळ घेतला, पंधरा मिनिटं थांबलो, मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशी बघत होतो आणि एक हिरवा दाणा हलला, मग त्याच्यामागनं दुसरा, आणि बघता बघता सगळी रांग पेशीच्या कडेकडेनं प्रदक्षिणा घालायला लागली, वरच्या भिंतीनं डावीकडं, खालच्या भिंतीनं उजवीकडं, एकेरी वाहतूक, कोण कुणाला आडवं जात नाही. बायकोला हाक मारली, तिनं डोळा लावला आणि म्हणाली, "अहो, ही तर चालत्यात की!"

वेग मोजायची युक्ती सांगतो. ४एक्सच्या लेन्सखाली प्लॅस्टिकची पट्टी ठेवली तर माझ्याकडं साडेचार मिलिमीटर दिसतात, म्हणजे ४०एक्सला त्याचा दहावा भाग, ४५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्या हिशेबानं पेशी साधारण ११० मायक्रॉन लांब आणि एका दाण्याला या टोकापासून त्या टोकाला जायला २२ सेकंद, म्हणजे सेकंदाला ५ मायक्रॉन. स्लाईड फ्रीजमध्ये (फ्रीझरमध्ये नाही) दहा मिनिटं ठेवून काढली तर रांग रेंगाळलेली, गरम होत गेली तशी परत सुरू. आत अ‍ॅक्टिनचे धागे असतात आणि मायोसिन हे प्रथिन त्यांच्यावरनं पावलं टाकत माल ओढतं, प्रत्येक पावलाला एक एटीपी. आपल्या दंडात जे मायोसिन आहे त्याच्याच भावकीतलं.

एटीपी १९२९ साली सापडला, जर्मनीत कार्ल लोहमानला आणि हार्वर्डला सायरस फिस्के आणि आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. आपल्या सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूलही त्याच वर्षीचा, म्हणून हे साल विसरत नाही.

त्याच पुलाखालनं बाटलीभर पाणी आणलं होतं, त्यात वाळलं गवत टाकून आठवडा ठेवलं, वास असा सुटला की डबा घराबाहेर जिन्यात गेला. पण त्यात पॅरामिशियम, एकाच पेशीचे जीव! फार पळतात म्हणून कापसाचे दोन-चार तंतू पिंजून थेंबात टाकायचे, मग अडकतात. अडकलेल्याच्या अंगात एक चांदणी उमलते, गोल होते, फट्‌दिशी मिटते, परत उमलते. गोड्या पाण्यात राहायचं म्हणजे पाणी आत शिरतच राहणार, ते बाहेर टाकायचा हा पंप. २०१९ च्या पुरानंतर आमच्या तळमजल्यात तीन दिवस मोटर चालू होती, डिझेल संपलं की पाणी वर, अगदी तेच. माझ्या पॅरामिशियमचा पंप दर ९-१० सेकंदाला मिटत होता. पाण्यात मिठाचा बारीक कण विरघळवला तर २३ सेकंदांवर गेला, बाहेर मीठ वाढलं की आत शिरणारं पाणी कमी.

आणि तंतूला धडकल्यावर तो जो झटक्यात मागं येतो ना, ते मी आधी नुसतं धडपडणं समजत होतो. तो निरोप आहे. पुढच्या टोकाला धक्का बसला की पटलावरचे कॅल्शियमचे दरवाजे उघडतात, कॅल्शियम आत घुसतं, अंगावरच्या बारीक केसांची हालचाल उलटी होते, गाडी रिव्हर्स. मग ते कॅल्शियम उपसून बाहेर काढलं की केस परत सरळ, थोडा वळून पुढं. आपल्या पेशींत पण आत कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी ठेवलेलं असतं, म्हणून तर थोडं आत आलं तरी लगेच कळतं. म्हणजे पेशीला एखादी बातमी कळावी म्हणून एरवी रात्रंदिवस उपसा चालू ठेवायचा आणि त्याचं बिल एटीपीत भरायचं. ऊर्जा एक धडा आणि निरोप वेगळा धडा असं मी वहीत लिहिलं होतं, ते पान फाडलं.

तंतुकणिका मात्र अजून दिसलेल्या नाहीत. कांद्याच्या पापुद्र्यात नाचणारे बारीक ठिपके बघून मी लेकीला "हे बघ मायटोकाँड्रिया" म्हणून सांगून टाकलं होतं, तिनं तोच पापुद्रा उकळत्या पाण्यात बुडवून आणून परत लावला तरी काही ठिपके नाचतच होते. ब्राऊनियन हालचाल, जिवंतपणाशी संबंध नाही. अकरावीला आहे ती, त्या दिवसापासून मी काही दाखवलं की आधी विचारते, "पप्पा, उकळून बघितलं का?"

पुढच्या रविवारी एका विहिरीत कारा शेवाळ आहे असं कळलंय, ते आणायला जाणार. त्यात रांग सेकंदाला ५० मायक्रॉनच्या वर पळते. डबा जिन्यातच राहील, तशी परवानगी मिळालीय.