मॉडेल रेल्वेच्या लेआउटची वीज बंद करताना: आधी गाड्या, मग रूळ, शेवटी मेन स्विच

कंट्रोलरचा नॉब शून्यावर आणला आणि गाडी थांबली, म्हणजे लेआउट बंद झाला असं नाही. ट्रान्सफॉर्मर चालूच असतो, सांधे (गाडीचा मार्ग बदलणारे रूळ) हलवणाऱ्या मोटरींना वीज मिळतच असते. डीसीसीवर, म्हणजे रुळांतूनच इंजिनांना डिजिटल संदेश देणाऱ्या पद्धतीत, तर गाड्या उभ्या असतानाही रुळांत पूर्ण दाब असतो, एचओसाठी (१:८७ प्रमाणाच्या मॉडेलसाठी) साधारण १४ ते १६ व्होल्ट. इंजिनातला डीकोडर (संदेश वाचणारी चिप) मोटरला वीज देत नाही, एवढ्याच कारणाने इंजिन जागेवर असतं. अशा वेळी रुळांवर आडवा पडलेला स्क्रूड्रायव्हर गाडी चालू असताना जेवढा शॉर्ट करेल, तेवढाच आत्ताही करेल.

इमर्जन्सी स्टॉपबद्दलही हाच घोळ होतो. बऱ्याच सिस्टीममध्ये हे बटण सगळ्या इंजिनांना फक्त थांबण्याचा संदेश देतं, रुळांची वीज तशीच राहते. रुळांची वीज तोडणारं बटण वेगळं, किंवा तेच बटण दुसऱ्यांदा वा जास्त वेळ दाबावं लागतं. आपल्या कंट्रोलरवर नेमकं काय होतं ते मल्टीमीटर लावून एकदा बघून घ्या. मीटर एसी व्होल्टवर ठेवा, कारण डीसीसीचा दाब दर क्षणी उलटसुलट होतो आणि डीसी रेंजवर आकडा जवळपास शून्य दिसू शकतो. तो शून्य बघून रुळांत हात घालू नका.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकच मेन स्विच. लेआउटचे सगळे ट्रान्सफॉर्मर, अडॅप्टर, दिव्यांचा पुरवठा आणि हो, सोल्डरिंग आयर्नसुद्धा, एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. त्या बोर्डाला दोन्ही तारा तोडणारा स्विच आणि दारातून दिसेल असा लाल दिवा. खोलीचा दिवा मात्र या स्विचवर नको. धूर दिसला म्हणून स्विच पाडला आणि खोलीतही अंधार झाला, तर पुढचं काहीच सुचत नाही. बोर्डाच्या आधी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती कळताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा, पण तो फक्त घरच्या विजेपासून वाचवतो. ट्रान्सफॉर्मरच्या पुढे, रुळांकडच्या बाजूला होणारा शॉर्ट त्याला कळत नाही.

एकच स्विच का, प्लग एकेक करून काढले तर काय बिघडतं? ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो, हे त्याचं कारण. एसीवर चालणाऱ्या, ट्रान्सफॉर्मरची वीज थेट रुळांत सोडणाऱ्या लेआउटवर दोन विभागांना दोन ट्रान्सफॉर्मर आहेत असं धरा. दोन विभागांची वीज वेगळी ठेवणाऱ्या मधल्या गॅपवर एक इंजिन उभं आहे, त्याची पुढची चाकं एका विभागात, मागची दुसऱ्यात. आता पहिल्या ट्रान्सफॉर्मरचा प्लग भिंतीतून काढला. दुसऱ्याचे १६ व्होल्ट इंजिनातून पहिल्याच्या आउटपुटमध्ये शिरतात आणि त्याच वेटोळ्यांच्या प्रमाणात वाढून प्लगकडे निघतात. हातात धरलेल्या प्लगच्या उघड्या पिनांवर घरच्या विजेएवढा दाब येतो. प्लग काढलाय म्हणून आपण निर्धास्तपणे पिनांना बोट लावतो, आणि तो झटका जिवावर बेतू शकतो. सगळे प्लग एकाच स्विचमागे असले तर सगळं एकदम मरतं. मग प्लग काढायचे तर खुशाल काढा.

रोजचा क्रम असा ठेवा. गाड्या आपल्या जागी आणून थांबवा, गॅपवर किंवा सांध्यावर एकही नको. आवाज असलेल्या इंजिनांचा आवाज बंद करा, आणि इंजिनं थ्रॉटलवरून (हातातल्या कंट्रोलरवरून) सोडून द्या, नाहीतर पुढच्या वेळी जुना वेग लक्षात ठेवून एखादं इंजिन आपोआप निघू शकतं. मग रुळांची वीज बंद, त्यानंतर कमांड स्टेशन (डीसीसीचे संदेश तयार करणारं यंत्र), शेवटी मेन स्विच. लेआउट रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरून चालवत असाल तर मेन स्विचच्या आधी तो रीतसर शटडाउन करा, नाहीतर मेमरी कार्डावरचा डेटा बिघडू शकतो. डीकोडरमध्ये नवा आवाज किंवा फर्मवेअर जात असेल तर ते पूर्ण होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही.

वीज तुटल्यावरही इंजिन पुढे जातं ते किप-अलाइव्ह कपॅसिटरमुळे, म्हणजे इंजिनात थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या भागामुळे. एचओमध्ये ताशी ६० किलोमीटरचा प्रमाणबद्ध वेग म्हणजे सेकंदाला साधारण १९ सेंटिमीटर. कपॅसिटरने ३ सेकंद तग धरला तर इंजिन अर्ध्या मीटरहून जास्त पुढे सरकतं. उचलता येणाऱ्या पुलाच्या दोन्ही बाजूंना २०-२५ सेंटिमीटरचा मृत (वीज नसलेला) रूळ ठेवणारे इथेच फसतात. पुलापाशी किमान १ मीटर ठेवा, आणि वीज तोडण्याआधी गाडी थांबवण्याची सवय लावा.

वीज बंद-चालू करताना एखादं डीसीसी इंजिन अचानक पूर्ण वेगात सुटत असेल तर सीव्ही २९ (डीकोडरमधली एक सेटिंग) बघा. त्यातल्या ४ या किमतीचा अर्थ, साध्या डीसीवरही चालायला मुभा. संदेश यायच्या आधी क्षणभर रुळांत सरळ दाब आला तर डीकोडरला वाटतं आपण डीसी लेआउटवर आहोत, आणि तो मोटरला मिळेल तेवढी वीज देतो. इंजिन फक्त डीसीसीवरच चालवायचं असेल तर सीव्ही २९ मधून ४ वजा करा: ६ असेल तिथे २, इंजिनाचा चार आकडी पत्ता (ओळख क्रमांक) असेल तर ३८ च्या जागी ३४.

दोन कॉइलच्या सांधा-मोटरींसाठी कपॅसिटर डिस्चार्ज युनिट (साठवलेली वीज मोटरला एका झटक्यात देणारं यंत्र) असेल तर मेन स्विच पडल्यावरही त्यातला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरलेलाच राहतो. तारांची टोकं एकमेकांना टेकली की सणसणीत ठिणगी उडते. वीज गेल्यावर एका सांध्याचं बटण एकदा दाबा, सांधा ज्या बाजूला आहे त्याच बाजूचं. मार्ग बदलत नाही आणि कपॅसिटर रिकामा होतो.

आपोआप वीज तोडणारी यंत्रणा नीट आहे की नाही, हे तपासायला एक नाणं पुरतं. रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरपासून सगळ्यात लांबच्या रुळांवर, प्रत्येक विभागात, ते आडवं ठेवा. बूस्टरने लगेच वीज तोडली पाहिजे. तोडली नाही, तर तारा बारीक आहेत किंवा जोड सैल आहे. त्या अडथळ्यामुळे करंट बूस्टरच्या मर्यादेपर्यंत, समजा ५ अँपिअरपर्यंत, पोचत नाही, बूस्टरला शॉर्ट कळत नाही, आणि १५ व्होल्टला ६०-७० वॅट उष्णता त्या जोडावर किंवा डब्याच्या चाकावर जमत राहते. प्लॅस्टिकची बोगी वितळायला तेवढी भरपूर आहे. मुख्य तार २.५ चौरस मिलिमीटरची घ्या आणि तिच्यापासून रुळांपर्यंत जाणारे फीडर आखूड ठेवा.

रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे असतील तर मेन स्विच बंदच हवा, कारण वाफेला एक ठिणगी पुरते. खडीवर पाणी मिसळलेला गोंद टाकल्यावर तो पुरता वाळेपर्यंत वीज देऊ नका.

परत चालू करताना उलटा क्रम: मेन स्विच, कमांड स्टेशन, मग रूळ. आवाजाची बरीच इंजिनं उभी असतील तर विभाग एकेक करून चालू करा. सगळ्यांचे कपॅसिटर एकदम भरायला लागले की बूस्टरला तो शॉर्टच वाटतो, आणि तो पुन्हा पुन्हा वीज तोडत बसतो.