तुम्ही विचारलंत म्हणून: निषेधाच्या चिन्हाचा ‘खरा’ अर्थ कोणता?

मोर्चाचा एखादा फोटो पाहिला की हमखास विचारलं जातं: हे चिन्ह हातात धरणाऱ्यांना त्याचा मूळ अर्थ ठाऊक तरी आहे का? बहुतेकांना नसतो, आणि त्यावाचून त्यांचं अडतही नाही. मला जास्त कामाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: चिन्हातलं नेमकं काय पुढे जातं आणि काय वाटेत गळतं?

शांतीचं म्हणून ओळखलं जाणारं चिन्ह घ्या. वर्तुळ, त्यात एक उभी रेघ आणि मध्यापासून खाली उतरणाऱ्या दोन तिरक्या. जेराल्ड होल्टम या ब्रिटिश कलाकाराने ते १९५८ साली काढलं. दोन झेंडे हातात धरून अक्षरं दाखवायच्या सेमाफोर पद्धतीत दोन्ही हात तिरके खाली म्हणजे एन. एक हात सरळ वर, दुसरा सरळ खाली म्हणजे डी. न्यूक्लिअर डिसआर्ममेंट. दोन्ही अक्षरं एकावर एक ठेवली, भोवती वर्तुळ काढलं, झालं. मागणी अगदी नेमकी होती: अण्वस्त्रं मोडीत काढा. जगात शांती नांदो वगैरे त्यात काही नव्हतं.

त्याच वर्षी ईस्टरच्या सुट्टीत लंडनहून ऑल्डरमॅस्टनच्या अण्वस्त्र केंद्रापर्यंत मोर्चा निघाला. त्यासाठी काठीवर लावलेले पुठ्ठ्याचे ५०० गोल फलक केले होते. निम्मे काळे-पांढरे, गुड फ्रायडे आणि शनिवारसाठी. निम्मे हिरवे-पांढरे, ईस्टरचा रविवार आणि सोमवारसाठी. शोकाकडून नवजीवनाकडे, अशी ती कल्पना. रंगांचा हा अर्थ त्या चार दिवसांपुरताच टिकणारा होता, त्यामुळे तो सगळ्यात आधी गळला. मग सेमाफोर गेलं, कारण ते शिकलेल्यालाच वाचता येतं. उरला आकार: कुणालाही खडूच्या चार फटक्यांत भिंतीवर काढता येणारा. त्यावर मुद्दामच कुणी मालकी हक्क नोंदवला नव्हता. अमेरिकेत तो आधी नागरी हक्कांच्या आणि मग व्हिएतनाम युद्धविरोधी चळवळीत शिरला आणि ‘अण्वस्त्रं नकोत’चं ‘युद्ध नको’ झालं. विरोधकांनी त्यात मोडका क्रूस पाहिला, कोंबडीचा पायही पाहिला. खुद्द होल्टमला पुढे खाली झुकलेले ते हात हताश वाटू लागले. चिन्ह उलटं, हात वर केलेलं असावं असं त्याला वाटे. पण तोवर ते त्याच्या हातात राहिलंच नव्हतं.

झिजून अर्थ बदलणं ही झाली एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा हिसकावण्याची, आणि तिचं लाल झेंड्याइतकं लख्ख उदाहरण मला दुसरं दिसत नाही. १७८९च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये लष्करी कायदा झाला. त्यानुसार लाल झेंडा फडकवायचा तो सरकारी अधिकाऱ्यांनी: जमाव बेकायदा आहे, पांगा, नाहीतर गोळ्या घालू. १७ जुलै १७९१ रोजी पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर तो फडकला आणि गोळीबार झाला. पुढे क्रांतिकारकांनी तोच झेंडा उचलून सत्तेवर रोखला. इथे जुना अर्थ विसरला गेला नव्हता. तो ताजा होता, म्हणूनच उलटवण्यात धार होती.

तिसरी तऱ्हा निव्वळ उपयोगाची. मिशीवाला, कुत्सित हसणारा गाय फॉक्सचा मुखवटा. खरा फॉक्स इंग्लंडची संसद उडवण्याच्या १६०५च्या कटात ३६ पिंपं दारूगोळ्यासह पकडला गेला. कटवाल्यांना हवी होती ती कॅथलिक सत्ता, जनतेचं राज्य नव्हे. नंतर शतकानुशतकं ५ नोव्हेंबरला त्याचा पुतळा जाळला जाई. आजचा चेहरा डेव्हिड लॉइडने १९८०च्या दशकात एका चित्रकथेसाठी काढला. तिच्यावर चित्रपट निघाला आणि मुखवटे बाजारात आले. २००८मध्ये सायंटॉलॉजी या पंथाविरोधातल्या निदर्शकांना चेहरे लपवायचे होते, आणि एकसारखे मुखवटे तयारच होते. गंमत अशी की अधिकृत मुखवटा विकला गेला की त्यातला वाटा एका बड्या चित्रपट कंपनीला जातो.

कधी कारण याहूनही साधं असतं. स्वराज्याच्या झेंड्यावरचा चरखा १९४७मध्ये जाऊन चक्र आलं, तेव्हा नेहरूंनी घटना समितीत दिलेलं एक कारण असं: चरखा झेंड्याच्या दोन्ही बाजूंनी सारखा दिसत नाही.

म्हणून फोटो वाचताना मूळ शोधण्याआधी तारीख पाहावी, चिन्ह कुणासमोर धरलंय ते पाहावं, खाली काही लिहिलं असेल तर ते वाचावं. दोन बोटांच्या व्हीच्या खुणेत तर तळहात कुठे आहे हेही बघावं लागतं. जानेवारी १९४१मध्ये व्हिक्टर द लावले यांनी बीबीसीवरून बेल्जियन लोकांना व्ही हे अक्षर वापरायला सांगितलं ते नाझींवरच्या विजयासाठी; पाव शतकानंतर तीच दोन बोटं युद्धविरोधकांची झाली. ब्रिटनमध्ये मात्र तळहात स्वतःकडे वळला की ती शिवी.

आणि सुरस मूळकथांपासून जरा जपून. ही शिवी १४१५च्या आजँकूरच्या लढाईतली, फ्रेंच सैन्य इंग्रज तिरंदाजांची दोन बोटं छाटणार होतं म्हणून त्यांनी ती नाचवून दाखवली, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. बोटं छाटण्याच्या धमकीचा उल्लेख त्या शतकातल्या एका फ्रेंच बखरीत आहे खरा. पण तिथे बोटं तीन आहेत.