तक्रारीनंतरचे अकरा महिने

आज वार्षिक मूल्यमापनाचा कागद हातात पडला. गेली चार वर्षे ज्या रकान्यात 'कामगिरी उत्तम' असा शेरा असे, तेथे यंदा 'सहकाऱ्यांशी जुळवून घेण्यात सुधारणेस वाव आहे' एवढे एकच वाक्य आहे. मी कोणाशी, कधी आणि कशात जुळवून घेतले नाही, याचा एकही दाखला त्यात नाही. वेतनवाढ अर्थातच रोखलेली आहे.

अकरा महिन्यांपूर्वी मी लेखी तक्रार केली होती. आमच्या विभागात महिनाअखेरीस जादा कामाचे तास नोंदींतून कापले जात होते, आणि तीन महिन्यांच्या मूळ व बदललेल्या नोंदी शेजारी शेजारी लावून मी ती तफावत दाखवली होती. चौकशी झाली, तक्रार खरी ठरली, सर्वांना थकबाकीही मिळाली. प्रकरण मिटले, असे मी त्या दिवशी येथेच लिहून ठेवले आहे.

त्यानंतर मला कोणी एक शब्दही वावगा बोलले नाही, आणि हेच मला आज सर्वांत अधिक बोचते. कोणी रागावले असते, धमकावले असते, तर बोट ठेवायला जागा राहिली असती. प्रत्यक्षात दुसऱ्या महिन्यात सोमवारच्या बैठकीचे निमंत्रण येणे थांबले. विचारले तेव्हा 'यादी नव्याने केली, नाव राहून गेले असेल' असे उत्तर मिळाले, पण ते नाव पुन्हा यादीत आले नाही. चौथ्या महिन्यात माझ्याकडचे महत्त्वाचे काम 'तुमच्यावरचा ताण कमी व्हावा' म्हणून दुसऱ्याकडे गेले. ज्याला थकबाकी मिळाली होती तो शेजारचा सहकारी माझ्याशी बोलताना आधी दाराकडे पाहू लागला. त्याला मी दोष देत नाही; त्याचे घर त्याच पगारावर चालते.

नोकरी जाणे हाच तक्रारीचा परिणाम असतो, असे आपण धरून चालतो, आणि कायद्यांचा पहिला रोखही तिकडेच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या १५८ व्या करारात, मालकाने नियमभंग केल्याची तक्रार करणे हे कामावरून काढण्याचे वैध कारण ठरू शकत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. मात्र मला कोणी काढलेलेच नाही. माझ्यासारख्यांची स्थिती ओळखणारी तरतूद युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात आढळते. नियमभंग उघड करणाऱ्याचे नंतर नुकसान झाले, तर ते सूडापोटीच झाले असे गृहीत धरले जाते, आणि त्यामागे दुसरे रास्त कारण होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी नुकसान करणाऱ्यावर येते. ही तरतूद मला अत्यंत न्याय्य वाटते, कारण यादीतून नाव का गळले, शेरा कोणाच्या सांगण्यावरून बदलला, हे दाखवणारी सारी कागदपत्रे कार्यालयाच्या कपाटात असतात आणि तक्रारदाराच्या हाती फक्त परिणाम उरतो.

शिवाय मध्ये गेलेला काळही त्यांच्याच बाजूने उभा राहतो. तक्रारीच्या दुसऱ्याच दिवशी हा शेरा आला असता, तर त्याचा अर्थ कोणालाही कळला असता. अकरा महिन्यांनी आला की तो नेहमीच्या कामकाजाचा भाग दिसतो. गेल्या महिन्यात दुसरीकडच्या मुलाखतीत सारे जुळून आले होते, पण माझ्या वरिष्ठांकडे विचारपूस झाल्यानंतर तेथून निरोपच आला नाही. त्या फोनवर काय बोलणे झाले, हे मला कधीच कळणार नाही.

तक्रार केल्याचा पश्चात्ताप मला नाही. कापले गेलेले तास माणसांच्या आयुष्यातले होते. खंत एवढीच वाटते, की तक्रार देण्याआधीच मी आधीच्या चारही मूल्यमापनांच्या प्रती मागून घ्यायला हव्या होत्या. आज शोधल्या तेव्हा घरात दोनच सापडल्या.

रात्री या वहीतून तारखा उतरवून काढल्या: बैठकीची, काम काढून घेतल्याची, त्या मुलाखतीची. मग कार्यालयासाठी पत्र लिहिले. त्यात तक्रारीचा उल्लेख मुद्दामच पहिल्या ओळीत केला आहे, आणि शेऱ्यामागचे प्रसंग तारखांसह लेखी कळवावेत व उरलेल्या दोन मूल्यमापनांच्या प्रती द्याव्यात, अशी विनंती केली आहे. पत्राच्या दोन प्रती पाकिटात घातल्या आहेत. उद्या सकाळी एक प्रत आवक विभागात देईन आणि दुसरीवर तारखेसह पोच घेईन.